ऑक्टाव्हियाची १७ इंची चाकं काढून १६ इंची बसवली: नऊ महिने आणि ११ हजार किलोमीटरनंतर

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), २०१८ ची, माझ्याकडे २०२३ पासून, सेकंड हँड घेतलेली. ताकद १८० पीएस, टॉर्क २५० एनएम (न्यूटन-मीटर), डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. राहायला ठाण्यात, घोडबंदर रोडवर, पातलीपाड्याच्या पुढे. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की टायरवाल्याचे डोळे चमकतात.

सुरुवात अशी झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये रात्री मानपाड्याजवळ पुढचा डावा टायर एका खड्ड्यात गेला. खड्डा म्हणजे पेव्हर ब्लॉक निघून गेलेली चौकोनी खोबण, कडा अगदी विळीसारख्या. आवाजावरूनच कळलं. सकाळी बघतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. दोन वर्षांतला हा तिसरा. साइज २२५/४५ आर१७: २२५ मिलिमीटर रुंदी, १७ इंची रिम. यातला ४५ हा आकडा नीट बघा: टायरच्या रुंदीच्या ४५ टक्के उंचीची बाजू, म्हणजे १०१ मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये एवढंच रबर. खड्ड्याच्या कडेवर आपटलं की बाजूची भिंत रिम आणि कडा यांच्यात चेपते, आतले धागे तुटतात आणि तिथे हवा फुगा काढते. असा टायर दुरुस्त होत नाही, कोणी "चालेल अजून सहा महिने" म्हणालं तरी चालवू नका. टायर कंपनीचा यात काही दोष नाही, हेही सांगून ठेवतो.

तर फुगा आलेलं चाक काढून स्टेपनी लावली. माझ्या गाडीची स्टेपनी २०५/५५ आर१६. नवा टायर मागवेपर्यंत चार दिवस तशीच फिरवली, आणि दुसऱ्याच दिवशी गायमुखकडे जाताना लक्षात आलं की गाडीची डावी बाजू शहाण्यासारखी वागतेय. उजवं चाक रस्त्याच्या जोडावर "टक्" म्हणायचं, डावं नुसतं "धप्". चार दिवसांत डोक्यात किडा वळवळायला लागला: चारही असेच लावले तर?

कागदावर हिशोब केला. २२५/४५ आर१७ चा पूर्ण व्यास येतो ६३४ मिमी. २०५/५५ आर१६ चा ६३२. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), गिअरबॉक्स कोणालाच काही कळणार नाही. बाजूची उंची मात्र १०१ वरून ११३ मिमी. या १२ मिलिमीटरसाठी सगळा खटाटोप. शिवाय ऑक्टाव्हियाच्या इतर व्हेरियंटला हीच साइज कंपनीने दिलेली आहे, त्यामुळे उद्या इन्शुरन्सवाल्यापुढे मान खाली घालायची वेळ येणार नाही.

बहुतेक लोक याच्या उलट करतात, मोठी रिम आणि पातळ टायर. ऐरोलीतल्या माझ्या मित्राकडे ऑक्टाव्हियाचीच जास्त दमदार आवृत्ती, आरएस २४५ आहे, १८ इंची, २२५/४०. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरे, १८० ची गाडी घेऊन तिला पायजमा घालतोयस?" तो पाम बीच रोडवर गाडी चालवतो. त्याला काय कळणार घोडबंदरचं दुःख.

रिम कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाल्या, चार ओरिजिनल १६ इंची, वापरलेल्या. जुन्या रिम घेताना एक गोष्ट सोडू नका. पैसे द्यायच्या आधी बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून बघा. चारातली एक माझ्या डोळ्यांसमोर नाचत होती, ती बदलून घेतली. पीसीडी ५x११२ (पाच बोल्ट, त्यांच्या भोकांचं वर्तुळ ११२ मिमीचं) आणि मधलं भोक ५७.१ मिमी जुळलं पाहिजे, ऑफसेटही (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) मूळ चाकाच्या जवळ हवा. आणि या गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात. ओरिजिनल रिमच्या बोल्टची बैठक गोल असते, बाहेरच्या बऱ्याच रिमना निमुळती लागते. चुकीचा बोल्ट आवळला जातो, पण बसत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याच्या दुकानातून गाडी घेऊन सरळ बाहेर पडा.

टायर घेतले मिशलिन प्रायमसी ४ एसटी. यादीत योकोहामा, कॉन्टिनेंटल आणि अपोलोही होते. २०५/५५ आर१६ या साइजचा मोठा फायदा हाच की सगळ्या कंपन्या ती बनवतात आणि दुकानात चार पर्याय समोर ठेवता येतात. १७ इंचीत दोन मिळतात, त्यातला एक "मागवावा लागेल साहेब". २०२० मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून मोठ्या साइजचं हे दुखणं आहे. माझा हिशोब प्रत्येक टायरमागे साडेतीन-चार हजारांनी खाली आला आणि त्यात रिमचे पैसे जवळजवळ वसूल झाले. मिशलिन का, तर मला ओल्या रस्त्यावर थांबणारा आणि कमी आवाज करणारा टायर हवा होता. कोरड्या रस्त्यावरची चिकट पकड ही माझ्या यादीत तिसरी. वर्षातले चार महिने ठाणं पाण्याखाली असतं आणि उरलेले आठ ट्रॅफिकखाली.

पहिल्या दुकानात दिलेले टायर मी परत केले. टायरच्या बाजूला DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. मला दाखवले त्यावर ११२३. म्हणजे २०२३ चा अकरावा आठवडा, दोन वर्षं गोदामात पडलेला माल, आणि दर नव्याचा. मालक म्हणाला, "दादा, रबर आहे, दूध नाही." वाक्य चांगलं होतं, पण टायर घेतले नाहीत. दुसरीकडे २०२५ च्या सुरुवातीचे मिळाले.

बसवणाऱ्या पोराने बोल्ट गनने आवळायला घेतले तेव्हा मी माझा टॉर्क पाना पुढे केला. १२० एनएम, "टक्" आवाज आला की थांबायचं. पोरगा माझ्याकडे बघत राहिला, मग दुसऱ्या चाकाला त्याने स्वतःच मागितला. तिसऱ्या चाकापर्यंत दुकानातले आणखी दोघं बघायला आले. चौथ्याला मालक.

हे सगळं झालं २२ मे २०२५ ला. चार दिवसांनी, २६ मेला, मुंबईत मान्सून दाखल, निदान पंच्याहत्तर वर्षांतला सगळ्यात लवकर. म्हणजे टायरची परीक्षा अभ्यासाआधीच. नव्या टायरवर पहिले काही दिवस साच्यातून निघाल्याचा गुळगुळीतपणा असतो, तो जायच्या आतच माजिवड्याला पाणी. पहिल्या आठवड्यात सिग्नलवरून निघताना ट्रॅक्शनचा दिवा (चाक घसरतंय ही खूण) दोनदा चमकला. मी घाबरून गाडी दूधवाल्यासारखी चालवली. साधारण तीनशे-चारशे किलोमीटरनंतर टायर ताळ्यावर आले.

त्यानंतरचा पावसाळा मात्र सुखाचा गेला. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पाण्याच्या पट्ट्यातून जाताना जुने टायर क्षणभर हलके व्हायचे, स्टीअरिंगमधला जीव जायचा. अरुंद टायर पाण्यावर तरंगायला जास्त वेग लागतो, कारण तेवढंच वजन कमी रुंदीवर येतं आणि पाणी कापलं जातं. हे पुस्तकात वाचलेलं होतं, हातांना जुलैमध्ये कळलं. अर्थात जुन्या टायरची नक्षी झिजलेली होती आणि हे कोरे करकरीत, त्यामुळे सगळं श्रेय साइजला देत नाही.

आता तक्रारी. मित्र म्हणाला ते अगदीच खोटं नाही. बोर घाटात, कोरड्या रस्त्यावर, वळणात स्टीअरिंग फिरवल्यावर गाडीचं नाक यायला पूर्वीपेक्षा किंचित वेळ लागतो. उंच भिंत आधी वाकते, मग टायर वळतो. सलग डावं-उजवं आलं की ते अडखळणं जाणवतं. शेजारी बसलेल्याला काही कळत नाही, चालवणाऱ्याला कळतं. हे १६ इंचीचं दुखणं आहे, कोणत्याही कंपनीचा टायर घेतला तरी थोडंफार येणारच. हवा २ पीएसआयने वाढवून बघितली, थोडं सुधारलं, पण घोडबंदरला परत "टक्" यायला लागलं. परत खाली आणली.

दुसरी तक्रार दिसण्याची. चाकांच्या कमानीत १६ इंची रिम म्हणजे मोठ्या पातेल्यावर छोटं झाकण. बायको म्हणाली, "भाड्याची गाडी वाटते." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यावर ठाण्याहून संभाजीनगरला दोन फेऱ्या झाल्या. तिथे १२० ची मर्यादा, सलग सिमेंट काँक्रीट, आणि टायर तापतात म्हणून सगळे घाबरलेले. टायर तापतो तो मुख्यतः हवा कमी असल्याने. कमी हवेत बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि त्या वाकण्यात उष्णता तयार होते. निघायच्या आदल्या रात्री घरीच, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने हवा बघा. आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. शंभर किलोमीटरनंतर ३-४ पीएसआय वाढलेली दिसेल, ती काढू नका. आणि नायट्रोजनसाठी चाकामागे पैसे मागणाऱ्याला सांगा की साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

झीज: नवे असताना नक्षीची खोली गेजवर ७ मिमी. सहा हजारांवर पुढचे मागे केले. आज ११ हजारांवर चारही ५.७ ते ५.९ च्या मध्ये. खुणेची पट्टी १.६ ला लागते, पण आपल्या पावसात मी ३ ला बदलणार. या गतीने पस्तीस हजारांच्या पुढे जातील. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने रेस देणारे असाल तर हा आकडा विसरा. अ‍ॅव्हरेजमध्ये अर्ध्या किलोमीटरचा फरक स्क्रीनवर दिसतो, माझा त्यावर विश्वास नाही.

फुगे: शून्य. नऊ महिन्यांत दोन वेळा असे आपटलेत की मी गाडी बाजूला घेऊन टॉर्च मारून बघितलं. एका रिमच्या कडेला खरचटलंय, बस.

एकच गोष्ट अजून जिवाला लागते. मी मे महिन्यात २८ टक्के जीएसटी भरून टायर घेतले आणि २२ सप्टेंबरला तो १८ झाला. तुम्ही आता घेणार असाल तर तेवढा फरक बिलात आहे का ते बघून घ्या.

१७ इंची रिम गॅलरीत कापडात गुंडाळून ठेवल्यात. विकायला दोनदा फोटो काढले, दोन्ही वेळा टाकले नाहीत. बायको त्यांच्यावर कुंड्या ठेवायच्या विचारात आहे.