गिटलीक्स घ्यावं का ट्रफलहॉग? छोट्या टीमवाल्यांसाठी

नाशिकला अंबड-सातपूरच्या कारखान्यांना बिलिंग आणि स्टॉकची सॉफ्टवेअरं करून देणारी आमची छोटी टीम आहे इंदिरानगरला, सगळे डेस्कटॉप विंडोजचे, आणि पैसे लागणारं काहीही सुचवलं की सर म्हणणार "आधी फुकटातलं बघ ना". बघितलं. कोडमध्ये राहून गेलेले पासवर्ड नि एपीआय की (दुसऱ्या सर्व्हिसला जोडायची गुप्त किल्ली) पकडायला गिटलीक्स आणि ट्रफलहॉग, दोन्ही ओपन सोर्स, पण कामाची पद्धत पार वेगळी.

गिटलीक्स पॅटर्न बघतं. एकेआयए या अक्षरांनी सुरू होणारी एडब्ल्यूएसची (अॅमेझॉनच्या क्लाउडची) की दिसली की प्री-कमिट हुक, म्हणजे कोड गिटमध्ये नोंदवण्याआधी आपोआप चालणारी तपासणी, तिथेच कमिट अडवतो, फाइल कुठली, ओळ कितवी, नियम कुठला सगळं टर्मिनलवर. नेट लागत नाही, म्हणजे लाइट जाऊन राउटर बंद पडला तरी इन्व्हर्टरवर काम चालू. कटकट एवढीच की टेस्टसाठी ठेवलेल्या खोट्या कीवर पण बोंब मारतं, मग त्या ओळीला अलाऊची कमेंट टाका. आणि डेडलाइनला पोरं कमिटच्या कमांडला नो-व्हेरिफाय लावून हुकला बगल देतातच, त्यामुळे हाच स्कॅन सर्व्हरवर पण हवाच.

ट्रफलहॉग सापडलेली की अजून चालते का हे थेट त्या सर्व्हिसला विचारून बघतं. जुन्या रिपॉझिटरीसाठी (प्रोजेक्टचा कोड नि त्याची सगळी हिस्ट्री ठेवलेली जागा) याला तोड नाही, कारण फाइल डिलीट केली तरी गिटच्या हिस्ट्रीत की तशीच पडून असते, आणि ढीगभर निकालांतून जिवंत कुठली, मेलेली कुठली हे हाताने कोण तपासणार? फक्त क्लायंटची रिपॉझिटरी असेल तर आधी विचारा बाबा, कारण सापडलेली की खरोखर वापरून बघितली जाते, त्यांच्या लॉगमध्ये दिसू शकतं. नको असेल तर व्हेरिफिकेशन बंद ठेवता येतं.

माझं मत: रोजच्याला गिटलीक्स, जुना प्रोजेक्ट हातात आला की एकदा ट्रफलहॉग. जिवंत की सापडली तर आधी ती रद्द करून नवी काढा, हिस्ट्री साफ करत बसणं नंतर.

अँटीव्हायरस वेगळा विकत घेऊ नका, विंडोजमधला डिफेंडर पुरतो. एनपीएम इन्स्टॉलला (जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवताना) मशीन रडतं म्हणून लोक कोडचा अख्खा फोल्डरच स्कॅनमधून वगळतात, ते नको. विंडोज ११ मध्ये कोडसाठीच वेगळा डेव्ह ड्राइव्ह करता येतो, किमान ५० जीबी जागा लागते, तिथे डिफेंडर फाइल उघडताना न अडवता मागाहून स्कॅन करतो. कोड तिकडे हलवा.

आणि की ठेवायला कीपासएक्ससी हा पासवर्ड मॅनेजर, फुकट, सगळं आपल्याच मशीनवर एका एनक्रिप्टेड फाइलमध्ये. बॅकअप मात्र आपला आपण घ्यायचा.