रिंगेचा आकडा आत वाकवून देणारं दुकान

आमच्या तालुक्याच्या रस्त्याला, पेट्रोल पंपाच्या थोडं पुढे, टिनाच्या शेडमध्ये एक गजाचं दुकान आहे. बाहेर सळयांचे बंडल, आत रिंगा वाकवायचं मशीन आणि एक वजनकाटा. कॉलमच्या, बीमच्या वाकवलेल्या रिंगा किलोवर मिळतात. माझ्या घराच्या कॉलमसाठी ३८५ रिंगा मी तिथून घेतल्या. आणखी दोन-तीन दुकानं पाहिली होती, भावही विचारले होते. इथे घ्यायचं कारण एवढंच, की या दुकानात रिंगेच्या दोन्ही टोकांचे आकडे न सांगता आतल्या बाजूला वाकवलेले मिळतात.

ज्यांनी घर बांधलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉलममध्ये उभे गज असतात आणि त्यांना बाहेरून चौकोनी रिंगा घातलेल्या असतात. रिंग म्हणजे कडब्याच्या पेंढीचा आळाच. आळा सुटला की पेंढी पसरते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी या रिंगेची टोकं काटकोनात मोडून सोडून देतात. दिसायला नीट दिसतं, गज पटकन आत जातात, मिस्त्रीचं काम उरकतं. पण टोक असं राहतं की ते कॉलमच्या बाहेरच्या इंच-दीड इंच सिमेंटच्या थरातच पडून असतं. कॉलम जोरात हलला की तो थर आधी झडतो. मग टोकाला धरायला काही उरत नाही, आळा उघडतो, उभे गज बाहेर फुगतात आणि वरचा मजला खाली येतो. टोक जर आत, १३५ अंशात वाकवलेलं असेल तर ते कॉलमच्या पोटातल्या काँक्रीटमध्ये रुतून राहतं. बाहेरचं झडलं तरी आळा सुटत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी फौजेत इंजिनिअर रेजिमेंटला होतो. २५ एप्रिल २०१५, शनिवार, नेपाळच्या घड्याळात बारा वाजायला चार मिनिटं कमी होती, तेव्हा ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. भारताने त्याच दिवशी ऑपरेशन मैत्री ही मदतमोहीम सुरू केली आणि पुढच्या काही दिवसांत आमची तुकडी तिकडे पोचली. काठमांडूत गोंगबू नावाचा भाग आहे, नव्या बसपार्कजवळचा. पाच-पाच, सहा-सहा मजली लॉज. त्यातल्या काहींचा खालचा मजलाच नव्हता, म्हणजे वरचे मजले जसेच्या तसे त्याच्यावर बसले होते. रंग शाबूत, खिडक्यांचे पडदे शाबूत, आणि रस्त्यावर उभं राहून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला हात लागायचा. मोडलेल्या कॉलमच्या डोक्याशी मी वाकून पाहिलं. गज बाहेर फुगलेले, आणि रिंगांची टोकं उघडून पसरलेली, कुणी हाताने सोडवल्यासारखी. त्या दिवसापासून आजपर्यंत बांधकामावर गेलो की माझी नजर आधी रिंगेच्या टोकाकडेच जाते.

त्या भूकंपात जवळजवळ ९ हजार माणसं गेली. नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या पडल्या, आणि त्या वेळी त्यात पोरं नव्हती. आमच्यातला एक सुभेदार एका पडक्या शाळेसमोर उभा राहून नुसता हात जोडून होता. त्याला तेव्हा काय वाटलं असेल ते मला आजही तसंच्या तसं कळतं.

नंतर आम्ही गोरखा जिल्ह्यात गेलो. भूकंपाचं केंद्र तिथलं बारपाक गाव. डोंगरउतारावर दगड-मातीची घरं, आणि ती घरं म्हणजे नुसता दगडांचा ढीग. तिथे एक वयस्कर दाजू भेटले, नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. आपल्याच फौजेच्या गोरखा पलटणीतून पेन्शनवर आलेले, हिंदी उत्तम. पडलेल्या घरातून त्यांनी सर्वांत आधी काय काढलं असेल, तर पेन्शनची कागदं आणि बियाण्याचा मका. त्यांचा माझा फोन आजही चालू आहे. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी घर पुन्हा बांधलं आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो मला पाठवले.

ते फोटो माझ्यासाठी शाळाच होती. घर पुन्हा दगड-मातीचंच, कारण डोंगरावर सिमेंट न्यायला परवडत नाही. पण जोत्यावर एक पट्टा, म्हणजे सगळ्या भिंतींतून सलग फिरणारी कड, खिडकीखाली एक पट्टा, चौकटीच्या डोक्यावर एक पट्टा, छपराखाली एक पट्टा. काही घरांना काँक्रीटचे, काहींना लाकडाचे. भिंतीत मध्येमध्ये आरपार जाणारे लांब दगड, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहते. नेपाळ सरकारने घरामागे ३ लाख नेपाळी रुपये दिले, तेही तीन हप्त्यांत: आधी ५० हजार, मग दीड लाख, मग १ लाख. इंजिनिअर येऊन पट्टे बघून गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. दाजू पहिल्यांदा चिडले होते, कारण डोंगर चढून येणाऱ्या पोरगेल्या इंजिनिअरने त्यांचा एक पट्टा नापास केला. पट्टा तोडून पुन्हा केला. आता फोनवर तेच मला विचारतात, तुमच्या घरी पट्टा घातला का.

आपल्याकडेही घरकुलाचे हप्ते असेच टप्प्याटप्प्याने येतात. पाया झाला की फोटो, भिंत झाली की फोटो. त्या फोटोत रिंगेची टोकं दिसायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

गावात मला विचारतात, "फौजी काका, नेपाळ पहाडाचा मुलुख हाय, आपल्याकडं कायचा भूकंप?" खरं आहे, नेपाळएवढा धोका आपल्याकडे नाही. पण नेपाळला जे हलवतं ते आपल्याच पायाखालचं आहे, हे लक्षात घ्या. आपण जमिनीच्या ज्या प्रचंड तुकड्यावर कापूस पेरतो तो वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेला सरकतो आणि तिबेटच्या बाजूखाली घुसतो. त्यातला जवळजवळ २ सेंटीमीटरचा दाब हिमालयाच्या पट्ट्यात साठत राहतो. नखं वाढतात त्या गतीने साठलेला दाब २०१५ साली मिनिटभरात सुटला. जमिनीखालचा सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा पट्टा सरकला आणि काठमांडूचं खोरं जवळजवळ मीटरभर वर उचललं गेलं. आणि तरी सगळा दाब सुटलेला नाही. नेपाळच्या पश्चिम भागात १५०५ सालानंतर तेवढा मोठा भूकंप झालेलाच नाही, म्हणजे पाचशे वर्षांचं तिथे साठून आहे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री त्याच बाजूला जाजरकोटला भूकंप झाला. २०१५ च्या भूकंपाच्या मानाने तो फार लहान होता, तरी दीडशेच्या वर माणसं गेली. रात्रीची वेळ, सगळे दगड-मातीच्या घरात झोपलेले.

हे वाचून ज्यांना किल्लारी आठवली त्यांना बरोबर आठवली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बोळवून माणसं नुकतीच झोपली होती. तीव्रता ६.२. तिथेही दगड आणि मातीच होती. आम्ही तेव्हा लहान होतो, आमच्याही गावात भांडी वाजली होती. आपल्या दख्खनच्या पठाराच्या पोटातही जुन्या भेगा आहेत, आणि उत्तरेकडच्या त्याच रेट्याने त्यांच्यावर ताण येतो.

२१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी पैनगंगेच्या पलीकडे हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, दहा-अकरा मिनिटांनी आणखी एक. आमच्या घरी माय चहा ठेवत होती. "जमिनीतून ट्रक गेल्यावानी आवाज आला," ती म्हणाली, आणि गॅस बंद करून अंगणात आली. गॅस बंद करायचं मी तिला शिकवलं होतं. १० जुलैला पुन्हा तेवढाच झटका. आमच्या जुन्या मातीच्या भिंतीला कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत भेग गेली. त्याच संध्याकाळी नवीन घर बांधायचं ठरलं.

आता दुकानाकडे येतो.

मालक तिशीतला मुलगा आहे. आधी पुण्याकडे सेंटरिंगच्या कामावर होता, तिथे मोठ्या साइटवर इंजिनिअरने त्याच्याकडून हजारो रिंगा तोडून पुन्हा करवल्या, तेव्हापासून हात तसाच बसला, असं तो सांगतो. मी कागदावर कॉलमचं माप लिहून नेलं: ९ बाय १२ इंच, चारही बाजूंनी दीड इंच कव्हर, म्हणजे रिंगेबाहेरचा काँक्रीटचा थर. त्याने कव्हर वजा करून रिंगेचं माप स्वतः काढलं आणि मला परत वाचून दाखवलं. आकड्याची लांबी ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. त्याने मशीनवर खिळा ठोकून ती लांबी पक्की केलेली आहे. हे पाहून मला फार बरं वाटलं.

मी घेतल्या तेव्हा भाव किलोला ७४ रुपये होता. सळई घेऊन साइटवर पोराकडून वाकवून घेतली तर थोडं स्वस्त पडतं, पण माप एकसारखं येत नाही. ३८५ रिंगांचं वजन १३० किलो भरलं, बिल ९,६२० रुपये. लांब आकड्यामुळे खर्च किती वाढला याचाही मी हिशेब केला, कारण लोक हेच विचारतात. आपल्याकडच्या आखूड टोकापेक्षा रिंगेमागे अडीच इंच सळई जास्त लागते, म्हणजे २५ ग्रॅम. कॉलमच्या सगळ्या रिंगांना मिळून दहा किलोच्या आत. पैशात सातशे-सव्वासातशे रुपये. दरवाजाच्या कड्या-कोयंड्यांना मी यापेक्षा जास्त दिले.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. माल सांगितलेल्या दिवशी आला नाही. सोमवार म्हणाला आणि गुरुवारी टेम्पो आला. तीन दिवस मिस्त्री आणि दोन मजूर बसून राहिले, त्यांची मजुरी मला भरावी लागली. दुसरं, पन्नासच्या एका बंडलात सात रिंगांचे आकडे आखूड निघाले. सळईचा तुकडा संपत आला की मशीनवरचा पोरगा उरलंसुरलं वापरून टाकतो. मी फोटो पाठवला, मालकाने एक शब्द न बोलता दुसऱ्या दिवशी स्वतः गाडीवर सात रिंगा आणून दिल्या आणि त्या आखूड रिंगा माझ्यासमोर तोडल्या. तरी सांगतो, बंडल सोडून प्रत्येक रिंग बघून घ्या. तिसरं, बांधायची तार तिथली घेऊ नका. पिळ दिला की तुटते. तार मी दुसरीकडून आणली.

सर्वांत जास्त त्रास दुकानाचा नाही, मिस्त्रीचा झाला. आमचे मिस्त्री चांगले कारागीर आहेत, पण रिंगा पाहून म्हणाले, "अशा आकड्यात गज घालाले लय त्रास होते जी. सरळ करून देतो." मी म्हटलं, "मिस्त्री भाऊ, एकही आकडा सरळ करायचा नाही. वेळ लागेल तेवढा लागू द्या, मजुरी मी देतो." पहिल्या कॉलमला अर्धा दिवस गेला. मग त्यांनीच युक्ती काढली: आधी चार गज उभे करायचे, रिंगा वरून एकेक सोडायच्या, आणि आकड्याचा कोपरा प्रत्येक रिंगेला फिरवत जायचा, म्हणजे सगळे आकडे एका कोपऱ्यात येत नाहीत. जोत्याजवळ आणि बीमखाली दोन-दोन फुटांत रिंगा ४ इंचांवर, मध्ये ६ इंचांवर. चौथ्या कॉलमनंतर त्यांचा हात बसला. परवा ते शेजारच्या गावी दुसऱ्याच्या कामावर होते, तिथे त्यांनीच मालकाला या दुकानाचा पत्ता दिला.

कॉलम भरायच्या आधी मी फोटो काढून दाजूंना पाठवला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला असणार, कारण उत्तर आलं: तिसऱ्या रिंगेचा आकडा पूर्ण आत नाही. खरंच नव्हता. तो पान्ह्याने आत घेतला आणि मग काँक्रीट ओतलं.

दुकान सकाळी नऊला उघडतं, बाजाराच्या दिवशी मालक दुपारपर्यंत नसतो. जाताना कॉलम-बीमचं माप इंचात लिहून न्या. निदान आठ दिवस आधी सांगा आणि आगाऊ अर्धेच पैसे द्या. बीमच्या रिंगा त्याच्याकडे तयार नसतात, मापाने करून देतो. माझ्या चौकटीच्या डोक्यावरच्या पट्ट्याच्या आणि स्लॅबच्या बीमच्या मिळून आणखी २१० रिंगा लागणार आहेत. त्याची ऑर्डर काल त्याच्याकडेच दिली, आणि या वेळी टेम्पोचा दिवस त्याच्याकडून कागदावर लिहून घेतला आहे.