दिवाळीआधीची 'बुरशी ट्रीटमेंट' आणि 6 महिन्यांची गॅरंटी

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या घरांना हा गंडा ठरावीक वेळी बसतो. पावसाळा संपला, दिवाळीचं रंगकाम तोंडावर आलं, की माणूस येतो, ओल मोजायचा दोन पिनांचा मीटर भिंतीला टोचतो, आकडा लाल होतो. 'विषारी काळी बुरशी आहे, मुलांना दमा होईल.' चौरस फुटावर भाव, निम्मे पैसे आधी, गॅरंटी 6 महिन्यांची.

तो मीटर मुळात लाकडासाठीचा. भिंतीला लोणा लागला असेल, बोटाला पांढरी खारट भुकटी येत असेल, तर त्या क्षारांमुळेच आकडा फुगतो. त्याच मीटरने आतली कोरडी भिंत मोजायला लावा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा.

काम काय होतं? ब्लीचचा फवारा, वर पुट्टी, वर 'डॅम्पप्रूफ' रंग. ब्लीचने डाग फिका पडतो, त्यातलं पाणी मात्र गिलाव्यात मुरतं. रंगाखाली कोंडलेली ओल वर चढून दुसरीकडे फुटते. तरी गॅरंटीत तक्रार येत नाही, कारण पाऊस नसला की गळतीही दिसत नाही. एप्रिल-मेचं 44-45 अंशांचं ऊन त्याची उरलीसुरली गॅरंटी निभावून नेतं. पोपडे सुटतात जुलैत. (भर मे महिन्यात बुरशी दिसली तर आधी कूलर तपासा: टाकी गळते, किंवा खोलीच्या खिडक्या बंद असतात.)

पैसे देण्याआधी पाण्याची वाट शोधा. रात्री टाकी भरून सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा. सकाळी पुढे गेला तर कुठेतरी पाणी गळतंय. न्हाणीचं तोंड बुजवून रंगीत पाणी 24 तास साठवा, खालच्या छताला रंग येतो का पाहा. भिंतीला फूटभर पॉलिथिन चारी कडांनी टेपने चिकटवा: दोन दिवसांनी भिंतीच्या बाजूला थेंब असले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला असले तर हवेतली. ओल जमिनीपासून तीनेक फुटांवर थांबत असेल तर बहुधा ती घराच्या पायातून, जमिनीतून चढतेय. मग गच्चीवर केमिकल ओतून काय होणार?

खरं काम वेळखाऊ. गळती बंद करायची, ओलीच्या कडेपुढे फूटभर गिलावा विटेपर्यंत काढायचा, भिंत सुकू द्यायची; ढोबळ हिशेब भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला महिना. दिवाळीआधी रंग हवा असलेल्या घरमालकाला हे पटत नाही, आणि मीटरवाल्याचं तिथेच फावतं. नंतर चुन्याचाच गिलावा. खरवडताना बुरशीवर आधी पाणी मारा, एन-95 मास्क लावा. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

25 टक्के रक्कम पुढच्या सप्टेंबरनंतरच देणार, हे आधीच लिहून घ्या. पक्कं बिल मागा. फसलात तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं.