बॉक्सवर १०५० टीआय, आत २०१० सालची चिप

नवा पीसी जोडलाय, विंडोज झटक्यात सुरू होतं, पण गेम लावला की फ्रेम रेट पंधरा-वीसच्या वर सरकत नाही, अशी कुणाची अवस्था असेल तर बाकी काहीही करण्याआधी ग्राफिक्स कार्ड खरं आहे का ते बघा. माझं खोटं निघालं. ऑनलाइन विक्रेत्याने जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, म्हणून सीलबंद बॉक्समध्ये जे पाठवलं ते जीटीएस ४५० होतं. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने हे कार्ड २०१० मध्ये बाजारात आणलं होतं.

हा प्रकार लवकर लक्षात येत नाही, कारण वरवर सगळं जागच्या जागी दिसतं. विंडोजमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. गेमचा मेनू सुरळीत चालायचा. खेळ सुरू होऊन टेक्श्चर्स (दृश्यांवरची चित्रं) मेमरीत भरायला लागली की चित्र अडकायचं आणि थोड्या वेळाने स्क्रीन काळी व्हायची. मग नव्या पीसीवर जे जे करतात ते सगळं झालं. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच आहे हे बघितलं. रॅम २१३३ वर चालत होती, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) लावून ३२०० वर आणली. दोन्ही स्टिक्स ड्युअल चॅनलच्या स्लॉटमध्ये आहेत याची खात्री केली, प्रोसेसरचं तापमान बघितलं. विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. फरक शून्य.

या काळात विक्रेता चॅटवर अगदी तत्पर होता, आणि मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे. आधी म्हणाला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, कमी पडतोय. मग म्हणाला विंडोजचं अपडेट काढून टाका. मग एक लिंक पाठवली आणि बजावलं, की हाच ड्रायव्हर टाका, एनव्हिडियाच्या साइटवरचा टाकू नका. प्रत्येक उपायानंतर 'दोन दिवस वापरून बघा' हे ठरलेलं. प्रत्येक उपाय ऐकायला रास्त वाटायचा, आणि तिकडे रिटर्नची मुदत संपत चालली होती.

ड्रायव्हरच्या त्या सूचनेनेच संशय आला. खरं कार्ड असेल तर त्याच्या निर्मात्याचाच ड्रायव्हर का चालू नये? तो टाकला आणि स्क्रीन जी काळी झाली ती सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढेपर्यंत परत आली नाही. जीटीएस ४५० ज्या पिढीतलं आहे त्या फर्मी पिढीच्या चिप्ससाठी एनव्हिडियाने २०१८ मध्येच नियमित ड्रायव्हर देणं थांबवलंय, त्यामुळे नवा ड्रायव्हर ही चिप चालवणार तरी कसा? वल्कनवर (गेम ज्यातून ग्राफिक्स कार्डाशी बोलतो ती एक प्रणाली) चालणारा गेम सुरूच का होत नव्हता, तेही मग उलगडलं. १०५० टीआयला वल्कन चालतं, फर्मीला नाही.

शेवटी जीपीयू-झेड चालवलं. ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारा छोटा, फुकट प्रोग्राम आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. २०१८ पासूनच्या आवृत्त्या अशी बनावट कार्डं ओळखतात. माझ्या कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात 'फेक' असं आलं, आणि निर्मात्याच्या लोगोच्या जागी धोक्याचं चिन्ह. खाली चिप जीएफ१०६, शेडर्स (चित्राचं गणित करणारे चिपमधले छोटे भाग) १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये चिप जीपी१०७ असते आणि शेडर्स ७६८. म्हणजे चौपट.

हे करतात कसं, तर जुन्या कार्डाच्या स्वतःच्या बायॉसमध्ये (कार्डावरच साठवलेला मूळ प्रोग्राम) बदललेली फाइल भरतात. त्यात नाव आणि मेमरीचा आकडा दोन्ही खोटे. जुन्या गाडीला नवी नंबर प्लेट लावावी तसं. विंडोज त्या आकड्यावर विश्वास ठेवतं. प्रत्यक्षात मेमरी १ जीबीच होती, म्हणून गेमने त्यापलीकडे मागितली की सगळं कोसळायचं.

कार्ड हातात घेतल्यावरही खुणा दिसतात. माझ्या कार्डाला मागे निळा व्हीजीए पोर्ट होता, म्हणजे जुन्या मॉनिटरला ॲनालॉग सिग्नल देणारा. एनव्हिडियाच्या १० सीरिजच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे १०५० टीआयवर हा पोर्ट दिसला की तिथेच थांबा. दुसरी खूण सहा पिनांचा पॉवर कनेक्टर. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड, ते साधारणपणे स्लॉटमधूनच वीज घेतं. काही ओव्हरक्लॉक केलेल्या (वेग वाढवलेल्या) मॉडेल्सना कनेक्टर असतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. पण व्हीजीए आणि कनेक्टर दोन्ही असतील तर शंकेला जागाच नाही.

खरेदीच्या साइटवर तक्रार करून जीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट पाठवल्यावर विक्रेत्याची भाषा बदलली. कार्ड ठेवून घ्या, निम्मे पैसे परत देतो, फक्त तक्रार मागे घ्या. हे मान्य करू नका. तक्रार एकदा बंद झाली की बऱ्याच ठिकाणी ती पुन्हा उघडता येत नाही. मी नकार दिला आणि साइटकडे सगळं एकत्र पाठवलं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बॉक्सवरचं लेबल, मागच्या पोर्ट्सचा फोटो, जीपीयू-झेडची खिडकी आणि चॅट. 'एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकू नका' हे त्याचं वाक्य त्यात होतंच, आणि माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा तोच ठरला. पैसे पूर्ण परत मिळाले.

चिप थंड ठेवणारा हीटसिंक मी खोलला तो पैसे खात्यात जमा झाल्यावर. साइटने कार्ड परत मागितलं नव्हतं. वाळून भुगा झालेली थर्मल पेस्ट पुसली तेव्हा खाली चिपवर जीएफ१०६-२५० असं स्वच्छ कोरलेलं दिसलं. तुम्ही मात्र तक्रार चालू असताना स्क्रूला हात लावू नका, नाहीतर कार्ड तुम्हीच खोलून बिघडवलं असं म्हणायला त्यांना निमित्त मिळतं.

त्या विक्रेत्याचं खातं आता दिसत नाही. पण त्याच फोटोंची, तोच निळा पोर्ट दाखवणारी जाहिरात दुसऱ्या नावाने सुरू आहे. मी तिचीही तक्रार केली आहे. तुम्हाला अशी जाहिरात दिसली तर तुम्हीही करा.