बाहेरून सेकंडहँड गाडी आणायची की ठाण्यातच एमएच ०४ घ्यायची?

दुबईत गाड्या स्वस्त मिळतात म्हणून तिकडच्या भाऊजींना फोन लावायच्या आधी एक बघा, तिथल्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे असतं आणि आपल्याकडे जुनी गाडी इम्पोर्ट करायची तर उजवीकडचंच लागतं, म्हणजे दुबईचा विषय तिथेच संपला. राहिलं जपान, सिंगापूर, इंग्लंड. तिथून आणायची तरी गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी नको, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे (इंग्लंडवाले मैलात अडकले ना!), तिकडून निघताना सर्टिफिकेट आणि इथे आल्यावर परत पुण्याच्या एआरएआयसारख्या (गाड्या तपासणारी संस्था) ठिकाणी टेस्टिंग. आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. एवढं करून ड्यूटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, तीही नुसत्या किमतीवर नाही तर जहाजाचं भाडं आणि इन्शुरन्स धरून. दहा लाखाच्या गाडीवर दहा लाखाहून जास्त ड्यूटी, मग स्वस्त काय राहिलं? वर पार्ट्स पण बाहेरूनच मागवा.

इथली घेतली तर गाडी नावावर करायला फॉर्म २९, ३०, जुनं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि गाडीवरचा बँकेचा बोजा काढायला फॉर्म ३५, संपलं. चलनं ऑनलाइन दिसतात, मेकॅनिकला शंभर वेळा दाखवता येते. फक्त पावसात बुडालेली नाही ना हे कार्पेट उचलून, सीटबेल्ट पूर्ण ओढून बघाच, आपल्याकडे २००५ च्या पुराचा २६ जुलै कुणी विसरलेलं नाही.

इम्पोर्ट मी फक्त इथे मिळतच नाही अशा शौकाच्या गाडीसाठी करेन, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोज उभं राहायला नाही.