संत्र्याची कलम घेताय? ती प्लास्टिकची पट्टी आधी सोडून पाहा

पावसाळा लागला की नागपुरात गल्लोगल्ली रोपांच्या गाड्या फिरतात, त्यातल्या एकाने आमच्या गल्लीत बऱ्याच घरांना चुना लावला म्हणून हे लिहून राहिलो. आईने गच्चीवर पुदिना, गवती चहा, मेथी सगळं छान लावलंय, तिला फक्त एक संत्र्याचं झाड पाहिजे होतं. गाडीवर पुढेच पिवळीधम्मक संत्री लागलेली कुंडी, आणि तो भाऊ म्हणे, "काकू, शेंदुरजना घाटची कलम आहे, डोळा भरलेली, ड्रममध्ये लावा, दुसऱ्या वर्षी फळ." डोळा भरणं म्हणजे चांगल्या संत्र्याची कळी दुसऱ्या रोपाच्या खोडात बसवून वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळणं. आता अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजन्याच्या नर्सऱ्यांचं नाव विदर्भात केवढं मोठं, कोणीही विश्वास ठेवेल. 350 ला एक, आईने दोन घेतल्या, शेजारच्या मावशींनी तीन, वरून रोझमेरी 120 ला.

रोझमेरी आठवडाभरात काळी पडली. उपटली तर एकही मूळ नाही, खाली तिरपा ताजा काप. नुसती फांदी मातीत खोचून विकली होती!

संत्रा मात्र जोमात वाढला, पण अंगभर काटे आणि पान चुरगाळलं की लिंबाचा वास. शेवटी आईने खोडाची पट्टी सोडली तर आत साल एकदम गुळगुळीत, ना डोळा ना काप ना जोड. म्हणजे ती निव्वळ जंबेरी. नागपुरी संत्र्याचा डोळा ज्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर भरतात ना तोच खुंट, डोळा न भरताच पट्टी गुंडाळून संत्रा म्हणून विकला. याला पुढे फळ आलंच तर खडबडीत सालीचं आंबट लिंबू येईल, आईने वर्षानुवर्षं पाणी घातलं असतं हो त्याला, याचाच जास्त राग येतो.

खऱ्या कलमेला मातीपासून साधारण वीतभर वर जोड दिसतो, तिथे खोड थोडं वाकडं असतं आणि वरचा खुंट छाटल्याची खूण असते. तो जोड मातीत गाडू नका, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागतो. आणि गाडीवरची ती पिवळी फळं म्हणजे शोभेचं चायना ऑरेंज, कारण जुलैत नागपुरी संत्रा पिकतच नाही, आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) फळं दिवाळीच्या आसपास येतात आणि मृग बहाराची (पावसाळ्यात फुलणाऱ्या) फेब्रुवारीनंतर.

त्याने दिलेला नंबर लागत नाही. बिल नाही, पैसे रोख घेतले, मग ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नाव तरी कोणाचं सांगणार? फळझाडांची कलमं विकायला आपल्या राज्यात 1969 च्या कायद्याने परवाना लागतो, तो दाखवा म्हणा, बिल मागा. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमा तयार करतात, आधी तिथे विचारून पाहा. आणि दारावरची घ्यायचीच असेल तर पैसे द्यायच्या आधी त्याच्याच हाताने पट्टी सोडवा, टाळाटाळ करायला लागला तर गेट लावून घ्या.