सिनेमा एकत्र, हशा मागेपुढे

चौघांनी चार ठिकाणी बसून एकच सिनेमा लावायचा आणि बाजूच्या पट्टीत टिवल्याबावल्या करायच्या, यासाठी ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन आम्ही गेले चार महिने वापरतोय. आम्ही म्हणजे मी, ताई, भाऊजी आणि मामेभाऊ. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याची बरीच उणीदुणी काढायची आहेत.

आधी जमेची बाजू. हे स्वतः व्हिडिओ पाठवत नाही. सिनेमा प्रत्येकाच्या ओटीटी खात्यावरूनच चालतो. एक्स्टेन्शन फक्त चालू, बंद आणि कितव्या सेकंदाला आहोत एवढंच बाकीच्यांना कळवतं. त्यामुळे चित्र झकास दिसतं. सभासदत्व मात्र चौघांकडेही हवं. भाऊजी दार उघडायला उठले की चौघांचाही सिनेमा थांबतो.

हे थांबवणं फार कामाचं आहे. 'शोले' (१९७५) लावला होता. गब्बर यायच्या आधीच भाऊजींनी टाइप केलं, ''अरे ओ सांबा, कितने आदमी थे!'' मी लिहिलं, असं तो म्हणतच नाही. झालं! ताई भाऊजींच्या बाजूने, मामेभाऊ कुंपणावर. प्रसंग आला, मी बंद केलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. 'कितने आदमी थे' हे तो कालियाला विचारतो. सांबाला विचारतो ते सरकारने लावलेल्या इनामाचं. दोन वाक्यं लोकांनी परस्पर जोडून टाकलीत. भाऊजींना तरी पटेना, तेव्हा तिसऱ्यांदा दाखवलं. त्या गडबडीत माझ्या फोनने 'कालिया'चं 'काळजी' केलं आणि ''काळजीला विचारतोय तो!'' असं माझं वाक्य गेलं. चार महिन्यांतला सगळ्यात मोठा हशा त्यालाच पडला. सिनेमा पंधरा मिनिटं जागचा हलला नाही, पण कुणाची तक्रार नव्हती.

आता खरं दुखणं. सिनेमावरच्या विनोदाला वेळ साधावी लागते. शेजारी बसलेला माणूस बरोब्बर कुठे बोलायचं ते जाणतो. इथे मामेभावाचं नेट तेज, त्यामुळे तो आमच्या दोन-तीन सेकंद पुढे असतो, आणि एवढा फरक हे एक्स्टेन्शन फरक मानतच नाही. परवा एका मारधाडपटात त्याचं ''गेला बिचारा'' आलं, तेव्हा आमच्या पडद्यावर तो बिचारा अजून बुटाची नाडी बांधत होता. ताईने फोन करून त्याला झापलं.

आमचा एक खेळही याच्यापायी बोंबलला. हॉलिवूडमध्ये 'विल्हेल्म स्क्रीम' नावाची एक ठरावीक किंकाळी आहे. १९५१ च्या एका सिनेमात मगरीच्या तावडीत सापडलेल्या माणसाला ती दिली होती. पुढे १९५३ च्या एका वेस्टर्नमध्ये विल्हेल्म नावाच्या शिपायाला तीच चिकटवली. बेन बर्ट या ध्वनिकाराने ती शोधून काढली, तिला त्या शिपायाचं नाव दिलं आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये वापरली. तेव्हापासून ध्वनीवाले गंमत म्हणून ती कुठेकुठे घुसडत असतात. ती ऐकू आली की जो आधी 'वि' टाइप करेल त्याला एक गुण, असा आमचा नियम. मामेभाऊ सलग सहा वेळा जिंकला. कान तीक्ष्ण म्हणे! नेट तीक्ष्ण आहे तुझं, दादा.

यावर उपाय जपानी लोकांनी २००६ मध्येच काढलाय. 'निकोनिको' या त्यांच्या व्हिडिओ सेवेत तुमचा शेरा व्हिडिओच्या त्या सेकंदाला डकवला जातो आणि चित्रावरून उजवीकडून डावीकडे पळत जातो. कुणी वर्षभराने बघितलं तरी विनोद त्याच जागी येतो. टाळ्या वाजवायला तिथे '८८८८' लिहितात, कारण जपानीत आठला 'हाची' म्हणतात आणि टाळीचा आवाज 'पाची पाची'. आमचं एक्स्टेन्शन सेकंद मोजतंच की! मग शेरे त्या सेकंदाला बांधायला काय हरकत आहे?

बारीकसारीक कुरबुरी आणखीही आहेत. परभाषेतला सिनेमा यावर बघूच नका. सबटायटल वाचू की ताईचे टोमणे, अशी डोळ्यांची ओढाताण होते. सगळ्यांनी आधी पाहिलेला, थोडा फसलेला सिनेमा सगळ्यात छान रंगतो. आणि सत्र संपलं की गप्पा पुसल्या जातात. ती 'काळजी' मी वेळीच स्क्रीनशॉट काढला म्हणून वाचली.

पाचपैकी तीन तारे. अर्धा जास्त दिला असता, पण मामेभाऊ सातव्यांदा जिंकला.

शनिवारी पुन्हा बसतोय. काहीही पाठवण्याआधी मनात तीन आकडे मोजायचे, अशी ताईने त्याला तंबी दिली आहे. तो म्हणतो, विनोद शिळा होईल.